सनदेचा माग : बुखारा ते खरतंग

उन्हाळा लागला की आजी सुकलेली आलुबुखारं रात्री पाण्यात भिजत घालायची. सकाळी ती कुस्करून, चिमूटभर मीठ आणि साखर घालून ते आंबटगोड पाणी आम्हा पोरांना प्यायला द्यायची. औरंगाबादच्या उन्हावर आमच्या घरात तोच उतारा. त्या शब्दाच्या पोटात एक शहर आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि कळलं ते शेजारच्या चाचांमुळे. चाचा मदरशात हदीस शिकवायचे. दरवर्षी रमजानच्या आधी मदरशाचं वर्ष संपलं की हातात मिठाईचा पुडा घेऊन ते आमच्या दारात उभे राहत आणि सांगत, "आज खत्म-ए-बुखारी हुआ." एक जाडजूड ग्रंथ वर्षभर ओळीने वाचायचा, त्यातली शेवटची हदीस सगळ्यांनी एकत्र बसून वाचायची, दुआ मागायची आणि गोड वाटायचं. आमच्याकडे ज्ञानेश्वरीच्या पारायणाची सांगता झाली की आई त्यांच्या घरी प्रसाद पाठवायची. पुस्तक वाचून पुरं झालं की तोंड गोड करायचं असतं, हे मी दोन्ही घरांत शिकले.

त्या ग्रंथाचे कर्ते मुहम्मद बिन इस्माईल. बुखाऱ्याचे म्हणून इमाम बुखारी. जन्म इसवी सन ८१० च्या जुलैतला, मृत्यू १ सप्टेंबर ८७० चा. प्रेषित मुहम्मदांची वचनं, त्यांची वागणूक, त्यांच्याविषयीच्या आठवणी म्हणजे हदीस. त्या गोळा करून, एकेक पारखून त्यांनी जो संग्रह केला तो 'सहीह अल-बुखारी'. सुन्नी मुसलमान कुराणाच्या खालोखाल त्याचा मान मानतात. मी तीस वर्षं प्रूफं तपासली. त्यामुळे या माणसाविषयीची माझी ओढ एका तपासणाऱ्याला दुसऱ्या तपासणाऱ्याविषयी वाटावी तशी आहे. सांगणाऱ्याने बरोबर सांगितलं की नाही, एवढं पाहायला हे गृहस्थ देशोदेशी हिंडले होते. २०१८ च्या मे महिन्यात, रमजान लागायच्या दोनेक आठवडे आधी, मी त्यांचं गाव आणि त्यांची कबर पाहायला उझबेकिस्तानात गेले. निघताना चाचा म्हणाले, "बेटी, वहाँ मेरा सलाम बोलना. और जो अपनी आँख से देखा, वहीच आके बताना."

बुखाऱ्यात पोचले तेव्हा तुती पिकल्या होत्या. जुन्या गावाच्या मधोमध लब-ए-हौज आहे. लब म्हणजे काठ, आणि हौज म्हणजे आपला हौद. १६२० च्या सुमाराचं बांधकाम, दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. काठावर वाकलेली, खोडं पोकळ झालेली तुतीची झाडं. काही १४७७ सालची असल्याचं तिथली पाटी सांगते. पांढऱ्या तुतींचा सडा पडून फरशी चिकट झाली होती आणि दोन पोरं वाकून वाकून त्या वेचून तोंडात टाकत होती. माझ्यासोबत ताश्कंदला हिंदी शिकलेली एक तरुण मुलगी दुभाषी म्हणून होती. ती मला 'ओपा' म्हणायची, म्हणजे ताई. गाडी चालवणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थांना आम्ही दोघी 'अका' म्हणायचो, म्हणजे दादा. चहाला इथे चोय, बाजाराला बोझोर, दरवाजाला दरवोझा. पहिल्याच संध्याकाळी मला हे शहर परकं वाटेनासं झालं.

मी त्या मुलीला विचारलं, इमामांचं घर कुठे होतं? ती म्हणाली, "ते कसं राहील ओपा? चंगेजखानाने १२२० मध्ये सगळं जाळलं." खरं आहे. ११२७ साली उभा राहिलेला कलान मिनार आजही बुखाऱ्याच्या आकाशात सगळ्यांत उंच दिसतो, पण तोसुद्धा इमामांच्या मृत्यूनंतर अडीचशे वर्षांनी बांधलेला. नवव्या शतकातला बुखारा पाहायचा तर वर मान करून उपयोग नाही, जमिनीखाली उतरावं लागतं.

तसं उतरता येण्याची एक जागा आहे. मगोक-ए-अत्तारी ही जुनी मशीद रस्त्याच्या पातळीपेक्षा चांगलीच खाली आहे. पायऱ्या उतरून जावं लागतं, कारण शतकानुशतकं गाव तिच्याभोवती वर चढत गेलं. आज आत जुन्या गालिच्यांचं संग्रहालय आहे. नरशखी हा बुखाऱ्याचाच इतिहासकार. त्याने दहाव्या शतकात लिहून ठेवलं आहे की इथे पूर्वी माख नावाचा बाजार भरे आणि त्यात मूर्ती विकल्या जात. पुढे तिथे अग्निमंदिर झालं आणि मग मशीद. खुद्द बुखारा हे नाव 'विहार' या शब्दावरून आलं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. वेरूळ-अजिंठ्याच्या जिल्ह्यातून आलेली मी त्या थंड, खोलगट जागेत उभी राहून हे ऐकत होते, आणि आपल्याच घरातल्या एखाद्या जुन्या माणसाची ओळख निघावी तसं मला झालं.

इमामांचं घराणंही असंच थराथरांचं. मुहम्मद, त्यांचे वडील इस्माईल, त्यांचे इब्राहीम, त्यांचे मुगीरा आणि मुगीरांचे वडील बर्दिज्बह. हा शेवटचा शब्द अरबी नाही. बुखाऱ्याच्या जुन्या बोलीत त्याचा अर्थ शेतकरी. बर्दिज्बह अग्निपूजक म्हणून जगले आणि अग्निपूजक म्हणूनच गेले. मुगीरा यांनी त्या वेळच्या सुभेदाराच्या, यमान अल-जुअफी यांच्या हातून इस्लाम स्वीकारला, आणि त्या ऋणानुबंधाने घराण्याला जुअफी हे आडनाव चिकटलं. अरबस्तानातल्या वचनांचा सगळ्यांत काटेकोर संग्रह करणारा माणूस मध्य आशियातल्या एका शेतकऱ्याचा खापरपणतू होता, याचं मला फार अप्रूप वाटतं. हे ज्ञान त्यांना जन्माने आयतं मिळालेलं नव्हतं. त्याच्यामागे ते चालत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सामानी राजांच्या समाधीपाशी गेलो. इमामांच्या काळाला सगळ्यांत जवळ जाणारी उभी इमारत हीच. ते गेल्यावर चारच वर्षांनी, ८७४ मध्ये, सामानी घराण्याने बुखारा ताब्यात घेतला आणि पुढच्या काही दशकांत ही छोटी चौकोनी वास्तू उभी राहिली. नुसत्या भाजक्या विटा, ना रंग, ना झिलई. पण त्या अशा आडव्या-उभ्या-तिरक्या लावल्या आहेत की भिंत बांबूच्या टोपलीसारखी विणलेली दिसते. मी जवळ जाऊन हात लावला. ऊन सरकलं की प्रत्येक विटेची सावली थोडी हलते आणि वीण बदलल्यासारखी वाटते. तिथल्याच बागेत, एका बाकावर बसून मी त्या मुलीला इमामांच्या लहानपणाच्या गोष्टी सांगितल्या. तिला त्यातल्या निम्म्या आजीकडून ठाऊक होत्या. मग आम्ही एकमेकींच्या गोष्टी ताडून पाहिल्या.

वडील लवकर गेले. तेही हदीस शिकलेले होते, आणि व्यापारी होते. आपल्या मालमत्तेत एकही दिरहम संशयाचा नाही, असं त्यांनी मरतेवेळी सांगितल्याची नोंद आहे. पोराला आईने वाढवलं. लहानपणी मुलाची दृष्टी गेली आणि आईच्या प्रार्थनेने परत आली, असं जुनी चरित्रं सांगतात. ही गोष्ट सांगताना त्या मुलीने तिच्या आजीसारखे दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. दहाव्या वर्षी मकतबात असतानाच पोराला हदीस पाठ करण्याचा नाद लागला. अकरा वर्षांचा असताना बुखाऱ्यातले एक गुरू, दाखिली, वाचून दाखवत होते : सुफियानने अबू जुबैरकडून ऐकलं आणि अबू जुबैरने इब्राहीमकडून. मुलगा मध्येच म्हणाला, अबू जुबैरने इब्राहीमकडून काहीच ऐकलेलं नाही. गुरू रागावले. मुलगा म्हणाला, आपल्याकडे मूळ वही असेल तर पाहा. गुरू आत गेले, वही पाहिली आणि बाहेर येऊन विचारलं, मग काय आहे ते? मुलाने सांगितलं, तो अबू जुबैर नव्हे, जुबैर बिन अदी. गुरूंनी त्याच्याच हातातली लेखणी घेतली आणि आपलं लिखाण दुरुस्त केलं.

मला या गोष्टीत त्या मुलाइतकेच ते गुरू आवडतात. प्रूफ तपासताना चूक दाखवली की लेखकाच्या कपाळावर चढणारी आठी मी जन्मभर पाहिली आहे. अकरा वर्षांच्या पोराचं ऐकून आत जाऊन वही उघडणं सोपं नाही.

आता मूळ कामाविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं. हदीसचे दोन भाग असतात. एक मजकूर, आणि त्याच्या आधी येणारी माणसांची साखळी : मला अमक्याने सांगितलं, त्याला तमक्याने, त्याला त्याच्या गुरूने, आणि तो प्रेषितांपाशी हजर होता. या साखळीला म्हणतात सनद. आपण मराठीत सरकारी हक्काच्या कागदाला सनद म्हणतो तोच हा अरबी शब्द. मुळात त्याचा अर्थ टेकायचा आधार. मजकूर कितीही चांगला असो, टेकायला सनद नसेल तर तो हदीस म्हणून उभा राहत नाही. मग साखळीतला प्रत्येक माणूस तपासायचा. तो खरं बोलणारा होता का? त्याची आठवण पक्की होती का, की म्हातारपणी गोंधळ व्हायला लागला होता? कुठे जन्मला, कुठे राहिला, कधी वारला? आणि ज्याच्याकडून ऐकलं असं म्हणतो, त्याला तो खरोखर कधी भेटला होता का?

या शेवटच्या प्रश्नावर इमाम बुखारी सगळ्यांत कडक. त्यांचेच शिष्य मुस्लिम बिन हज्जाज यांचा 'सहीह मुस्लिम' हा संग्रह सहीह अल-बुखारीच्या बरोबरीने घेतला जातो, मान मात्र बहुतेक जण त्याच्या खालोखाल देतात. मुस्लिम म्हणत, दोघे एका काळात जगले आणि भेटणं शक्य होतं, एवढं पुरे. बुखारी म्हणत, नाही, भेट झाल्याचा पुरावा हवा. त्यासाठी त्यांनी सांगणाऱ्यांच्या चरित्रांचा एक प्रचंड कोश तयार केला, 'अत्-तारीख अल-कबीर'. आपली तारीखही तिथलीच. बारा हजारांवर माणसांच्या नोंदी त्यात आहेत. त्याची सुरुवात त्यांनी अठराव्या वर्षी मदिनेत, प्रेषितांच्या कबरीजवळ, चांदण्या रात्री लिहीत केली. हा कोश १९४० च्या दशकात छापला गेला तो हैदराबादच्या दायरतुल मआरिफ या संस्थेत. आमचं औरंगाबाद तेव्हा त्याच हैदराबाद संस्थानात होतं. जुळाऱ्यांनी त्या बारा हजार नावांचे खिळे एकेक करून जुळवले असतील, कुणीतरी त्यांची प्रूफं तपासली असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

सोळाव्या वर्षी ते आई आणि थोरला भाऊ अहमद यांच्याबरोबर हजला गेले. भाऊ आणि आई परतले, हे तिथेच राहिले. मग मक्का, मदिना, बसरा, कुफा, बगदाद, शाम, मिसर, नैशापूर. बगदादला तर पुन्हा पुन्हा. अहमद बिन हंबल, अली बिन मदिनी, इसहाक बिन राहवैह यांच्यासारखे गुरू मिळाले. एका गुरूकडे अस्कलानला जाताना पैसे संपले, घरून येणारी रक्कम वेळेत पोचली नाही, तेव्हा त्यांनी गवत खाऊन दिवस काढले. कुणापाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी अनोळखी माणसाने येऊन दीनारांची थैली हातात दिली. रात्री झोपेत एखादा मुद्दा आठवला की ते उठत, चकमक घासून दिवा लावत, लिहीत, दिवा मालवून आडवे होत, पुन्हा उठत. एका रात्रीत अठरा-वीस वेळा असं घडल्याचं सोबतच्यांनी सांगितलं आहे. दिवा तसाच तेवत ठेवला असता तर? पण तेल वाचवायचं असणार. मला तो दर वेळी नव्याने लावलेला दिवा सहीहच्या सगळ्या आकड्यांपेक्षा जवळचा वाटतो.

आकडे सांगायचेच तर असे. सोळा वर्षं काम चाललं. सहा लाख हदीसांतून निवड केली, असं ते स्वतः सांगत. सहा लाख म्हणजे सहा लाख वेगवेगळी वचनं नव्हेत. एकच वचन दहा साखळ्यांनी आलं की त्या दहा हदीस धरतात. त्यातून ग्रंथात आल्या त्या पुनरावृत्तीसह ७,२७५. पुनरावृत्ती वगळली तर सुमारे २,६००. एकच हदीस ते प्रार्थनेच्या प्रकरणात घेतात, पुन्हा व्यापाराच्या प्रकरणात घेतात, कारण तिच्यातून दोन ठिकाणी दोन गोष्टी निघतात. प्रत्येक हदीस उतरवण्याआधी ते अंघोळ करून दोन रकात नमाज पढत. पहिली हदीस निवडली ती माणसाच्या कर्माचं मोल त्याच्या हेतूवर ठरतं, या अर्थाची. आणि ग्रंथाचं नाव 'सहीह', म्हणजे खरं, निर्दोष, बरोबर. कागदाखाली आपण करतो ती सही याच शब्दाची लेक.

अर्थात छाननी त्यांच्यापाशी थांबली नाही. दहाव्या शतकात बगदादच्या दारकुतनींनी सहीहमधल्याही काही सनदांवर बोट ठेवलं, पुढच्यांनी त्यांना उत्तरं दिली. पंधराव्या शतकात कैरोच्या इब्न हजर अस्कलानींनी 'फतह अल-बारी' ही विस्तृत टीका पुरी केली. आणि एक नाव मला आवर्जून सांगायचं आहे, कारण त्या मुलीला ते ठाऊक नव्हतं : करीमा मरवझिया. मर्वच्या या बाई अकराव्या शतकात मक्केला राहून सहीह शिकवत. इमामांचे शिष्य फिरब्री, त्यांचे शिष्य कुश्मिहनी आणि त्यांच्याकडून करीमा, अशी त्यांची सनद. खतीब बगदादींसारखा नामांकित विद्वान हजला आला तेव्हा त्याने त्यांच्यापुढे बसून पाच दिवसांत सगळा सहीह वाचला. दुभाषी मुलीने माझ्याकडून ते नाव दोनदा म्हणवून घेतलं आणि फोनमध्ये लिहून ठेवलं. "ओपा, मी कुणाला सांगितलं तर म्हणेन, तुमच्याकडून ऐकलं."

बुखारा ते समरकंद हा प्रवास आम्ही अफ्रासियाब या जलद गाडीने केला. अका गाडी घेऊन आदल्या रात्रीच पुढे गेले होते. खिडकीतून आधी वाळवंटाचा रंग, मग कपाशीची सपाट शेतं, मग जर्दाळूच्या बागा. इमामांच्या काळात या वाटेला उंटाने कित्येक दिवस लागत. गाडीत बसून मी बगदादची ती प्रसिद्ध परीक्षा पुन्हा मनात आणली. तिथल्या विद्वानांनी शंभर हदीस घेतल्या आणि त्यांचे मजकूर व सनदा आपसांत उलटसुलट केल्या. याची साखळी त्याला, त्याची याला. दहा माणसांना दहा-दहा वाटून दिल्या. भरसभेत एकेकाने उठून विचारायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी इमाम म्हणाले, ही मला माहीत नाही. शंभर वेळा. न जाणणाऱ्यांना वाटलं, हरले. सगळे संपल्यावर त्यांनी पहिल्या माणसाकडे वळून सांगितलं, तुमची पहिली हदीस तुम्ही अशी म्हणालात, ती खरी अशी आहे. असं करत शंभरच्या शंभर ओळीने लावून दिल्या. इब्न हजर यांनी यावर फार मार्मिक म्हटलं आहे : खऱ्या सनदा पाठ असणं हे नवल नाही, लोकांनी रचलेल्या चुका एकदाच ऐकून त्याच क्रमाने लक्षात ठेवणं हे नवल.

समरकंदला रेगिस्तान पाहिलं, शाह-ए-झिंदाच्या निळ्या पायवाटेवरून चालले. ते सौंदर्य डोळे दिपवणारं आहे, पण ते तैमूर आणि त्याच्या नंतरच्या काळाचं. माझं काम कोनीगील गावात होतं. गावाजवळून सियाब नदी वाहते आणि तिच्या पाण्यावर तिथे जुन्या पद्धतीने कागद करतात. ७५१ च्या तलासच्या लढाईत सापडलेल्या चिनी कैद्यांकडून ही विद्या समरकंदला आली, असं परंपरा सांगते. त्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्येही कागद होऊ लागला होता. म्हणजे इमाम बुखारी जन्मले तेव्हा चामड्याची जागा कागद नुकताच घेऊ लागला होता. लाखो सनदा उतरवायच्या, खोडायच्या, पुन्हा लिहायच्या, तर हलका आणि परवडणारा कागद हवाच.

एक बाई तुतीच्या फांदीची साल काढत बसली होती. सुरीने वरची काळपट साल खरवडून टाकायची आणि आतली पिवळसर ठेवायची. ती पाण्यात कित्येक तास उकळते, मग नदीच्या पाण्यावर फिरणाऱ्या चाकाने उचलली जाणारी लाकडी मुसळं तिला धाड धाड कुटतात. लगदा मोठ्या हौदात कालवतात, चाळणीच्या चौकटीवर झेलतात, दाबून पाणी काढतात, वाळवतात. शेवटी संगमरवरी फरशीवर कागद ठेवून शिंपल्याने किंवा शिंगाने घोटतात. मला त्या बाईने घोटायला दिला. पाचेक मिनिटं घासल्यावर एका कोपऱ्याला मऊ चमक आली. माझा हात दुखला तेव्हा तिने हसून कागद माझ्या हातातून घेतला. हा कागद पिवळट, किंचित लवचीक, बोटाला रेशमासारखा लागतो. डोळ्यांना पांढऱ्या कागदासारखा खुपत नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात मी लहानपणी हातकागद होताना पाहिला होता. तिथले कारागीर मुहम्मद तुघलकाच्या काळात आले, असं सांगतात. मुसळांचा तोच आवाज, ओल्या लगद्याचा तोच वास. मी दोन ताव विकत घेतले.

खरतंग समरकंदच्या उत्तरेला, गाडीने तासाभराच्या आत. अका त्या दिवशी पांढरी टोपी घालून आले होते आणि वाटेत त्यांनी रेडिओ लावला नाही. गहू पिवळा पडत होता, पाटाच्या कडेने पोपलरची झाडं.

या गावी इमाम आले ते हाकलले जाऊन. आधी नैशापूर. तिथे मोठं स्वागत झालं, पण मग एक तत्त्वाचा वाद पेटला : कुराण हे ईश्वराचं अनादी वचन, हे दोन्ही बाजूंना मान्य, पण माणूस ते उच्चारतो तो उच्चार निर्मित की अनिर्मित? माणसाच्या क्रिया निर्मितच, एवढं इमामांनी म्हटलं आणि तिथले वजनदार गुरू मुहम्मद बिन यह्या जुहली यांनी त्यांच्याकडे जाणाऱ्यांना आपली दारं बंद केली. शिष्य पांगले. मुस्लिम बिन हज्जाज मात्र इमामांची बाजू सोडेनात. जुहलींकडून आजवर जे लिहून घेतलं होतं ते सगळं त्यांनी हमालाच्या पाठीवर लादून जुहलींच्या दारात परत पाठवलं.

मग जन्मगाव. बुखाऱ्याच्या लोकांनी वेशीबाहेर तंबू ठोकले, इमामांवरून दीनार-दिरहम उधळले. थोड्याच दिवसांनी सुभेदार खालिद बिन अहमद याचा निरोप आला : वाड्यावर येऊन मला आणि माझ्या मुलांना तुमचे ग्रंथ शिकवा. इमामांनी कळवलं की ज्ञान मी कुणाच्या दारी नेऊन हलकं करणार नाही. हवं असेल तर मशिदीत किंवा माझ्या घरी यावं. मग मागणी आली, निदान माझ्या मुलांसाठी वेगळी बैठक घ्या, इतर कुणी नको. त्यालाही नकार. काही विद्वानांना हाताशी धरून सुभेदाराने त्यांना गावातून काढलं. साठी उलटलेली. बुखाऱ्याच्या आर्कचा, म्हणजे जुन्या किल्ल्याचा, उतरता तट मी पाहिला होता. सुभेदाराचा वाडा त्याच टेकाडावर होता. तिथून निघालेला निरोप आणि त्याला मिळालेलं उत्तर, यांतलं अंतर किती थोडं, आणि किती अवघड.

खरतंगमध्ये त्यांचे नातलग होते. ते राहिले गालिब बिन जिब्रील यांच्याकडे. शेवटचा रमजान त्यांनी इथे काढला. आता ही पृथ्वी मला अपुरी पडते, आपल्याकडे बोलावून घे, असं रात्रीच्या नमाजनंतर त्यांनी ईश्वराकडे मागितलेलं ऐकल्याची नोंद आहे. समरकंदच्या लोकांचं बोलावणं आलं, तेव्हा ते निघाले. पगडी बांधली, मोजे चढवले. गालिब यांनी एका दंडाला धरलं होतं. जनावरापाशी जायला वीसेक पावलं चालले असतील, तोच म्हणाले, मला सोडा, अंगात त्राण नाही. दुआ म्हणून आडवे झाले, ते गेलेच. ईदची रात्र होती. दुसऱ्या दिवशी, ईदच्या दुपारी, दफन झालं. लोक कबरीची माती नेऊ लागले, म्हणून भोवती लाकडी जाळी उभारावी लागली.

आज तिथे प्रशस्त आवार आहे. मी पाहिलं ते १९९८ मध्ये, हिजरी सनाप्रमाणे १,२२५ वी जयंती साजरी झाली तेव्हा बांधलेलं. पुढच्या काही वर्षांत त्याच्या जागी कितीतरी मोठं बांधकाम हाती घेतलं गेलं. सोव्हिएत काळात कबर दुर्लक्षित पडली होती. १९५६ मध्ये इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी ती पाहण्याचा आग्रह धरला तेव्हा घाईघाईने जागा स्वच्छ झाली, असं तिथे सगळेच सांगतात. इंडोनेशियाचे यात्रेकरू अजूनही घोळक्याने येतात. त्या दिवशीही एकसारख्या हिरव्या रुमालांतल्या तीस-चाळीस बाया चिनाराच्या सावलीत बसल्या होत्या. अंगणाच्या मध्यावर चौकोनी समाधी, निळ्या पाकळ्यांचा घुमट, आणि आत फिकट हिरव्या ओनिक्स दगडाचा चौथरा. खरी कबर त्याच्या खाली, तळघरात. वर उभं राहायचं आणि खाली आहेत असं समजायचं.

एका कट्ट्यावर पांढऱ्या दाढीचे मुल्ला कुराण म्हणत होते. संपलं की सगळे ओंजळ पुढे करत, आणि मग तळवे चेहऱ्यावरून फिरवत. अकांनी तसं केलं, त्या मुलीने केलं. मी डोक्यावर ओढणी घेऊन बाजूला उभी होते. मी हलक्या आवाजात चाचांचा सलाम सांगितला, हिंदीतच, त्यांचं नाव घेऊन, कुठून आलेला आहे तेही सांगून. शेजारच्या इंडोनेशियन बाईने माझ्याकडे पाहिलं आणि सरकून जागा करून दिली.

तासाभराने आम्ही निघालो. आवाराच्या दारापासून मी पावलं मोजायला लागले. सोबतच्या मुलीच्या लक्षात आलं. तीही माझ्या बरोबरीने, ओठांतल्या ओठांत मोजत चालली. विसाव्या पावलाला आम्ही एका तुतीच्या झाडाखाली होतो. गाडी अजून बरीच दूर होती. अका दार उघडून उभे होते. आम्ही का थांबलो ते त्यांना कळलं नसावं, पण त्यांनी हाक मारली नाही. माझ्या पिशवीत कोनीगीलचे दोन ताव होते. मी एकाच्या कोपऱ्यावर तिथेच तारीख घातली, आणि खाली त्या मुलीचं, अकांचं आणि माझं नाव लिहिलं.